१० मार्च : मुंढवा ते हडपसर

माळावरची_शाळा | ६ मार्च, रात्री ९:४०

तीन जानेवारीला, सावित्रीबाई फुल्यांच्या जयंतीला, आमची शाळा नुसती गजबजलेली असते. मुली आईची नऊवारी दुमडून नेसतात, कपाळावर आडवी चिरी रेखतात, एकीच्या हातात पाटी, दुसरीच्या हातात पुस्तक. भाषणं होतात, खाऊ वाटला जातो. दहा मार्चला, त्यांच्या स्मृतिदिनाला, मात्र काहीच नसतं. आठ तारखेचा महिला दिन होऊन गेलेला असतो, परीक्षा तोंडावर आलेल्या असतात, आणि तो दिवस तसाच मावळतो.

मी सव्वीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवते आहे, त्यातली अकरा मुंढव्यापासून फार लांब नसलेल्या गावात. भिंतीवरच्या चित्रात सावित्रीबाई मुलींना शिकवताना दिसतात. माझ्या डोळ्यांसमोर येतात त्या वेगळ्या. वय सहासष्ट, नवरा जाऊन सहा वर्षं उलटलेली, पाठीवर तापाने फणफणलेलं पोर, आणि पायाखाली मुंढव्याहून हडपसरकडे जाणारी वाट.

१८९७ साल. पुण्यात प्लेग शिरला होता. लोक घरंदारं सोडून रानात राहायला जात होते. काखेत किंवा जांघेत गाठ दिसली की सख्खा भाऊसुद्धा उंबऱ्याशी थांबायचा. सावित्रीबाईंचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर झालेला, लष्करात नोकरीला. त्याला त्यांनी बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ सासने मळ्यात, गावापासून दूर, दवाखाना सुरू करायला लावला. सासने म्हणजे यशवंताची सासुरवाडी. मुलगा रोगी तपासायचा, पण रोग्यांना तिथवर पोचवायचं कुणी? ते काम बाईंनी स्वतःकडे घेतलं. मुंढव्याच्या गावकुसाबाहेरच्या महारवाड्यात गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाल्याचं त्यांना कळलं. त्या गेल्या, त्याला पाठीवर घेतलं आणि मळ्यापर्यंत आणलं. मुलगा वाचला असं सांगतात. बाईंना लागण झाली. १० मार्चला रात्री नऊच्या सुमारास त्या गेल्या.

आपण त्यांचं सुरुवातीचं आयुष्य पाठ करतो. १८४८, भिडेवाडा, सतरा वर्षांची मास्तरीण, अंगावर पडणारं शेण आणि बदलायला बरोबर नेलेलं दुसरं लुगडं. ते मोठं आहेच. पण सतराव्या वर्षी अंगात धमक असते, आणि तेव्हा सोबत जोतीराव होते, सगुणाबाई होत्या. सहासष्टाव्या वर्षी दोघंही नव्हते, तरी त्या चालत निघाल्या. मला हे शाळा काढण्याइतकंच मोठं वाटतं, कधीकधी त्याहून जास्त.

म्हणून हा धागा. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले, तिथपासून १० मार्च १८९७ पर्यंतच्या सावित्रीबाईंबद्दल ज्यांनी जे वाचलंय, घरात जे ऐकलंय ते लिहा. आणि दहा तारखेला सकाळी सात वाजता मी चौथीच्या मुलांना घेऊन मुंढव्यापासून हडपसरपर्यंत चालत जाणार आहे. ज्यांना जमेल त्यांनी या.


गावाकडचा_डॉक्टर | ६ मार्च, रात्री ११:०५

बाई, फार बरं केलंत. मी वैद्यकीय बाजू थोडी सांगतो, म्हणजे त्या चालण्याचं मोल कळेल.

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला. मुंबईत मांडवीला सप्टेंबर १८९६ मध्ये ही साथ ओळखली ती डॉ. अकासियो व्हिएगस यांनी, ते मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. जानेवारी १८९७ मध्ये शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पण उंदरावरच्या पिसवांमार्फत रोग माणसापर्यंत येतो हे फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी दाखवलं ते १८९८ मध्ये. म्हणजे बाई पोर पाठीवर घेत होत्या तेव्हा रोग नेमका कशाने लागतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रोग्याच्या जवळ गेलं की मरण, एवढंच लोकांना दिसत होतं.

तेव्हा औषध असं काही नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून जवळपास पन्नास वर्षं होती. डॉक्टरच्या हातात काय होतं? रोग्याला वेगळं ठेवणं, पाणी आणि पेज पाजत राहणं, गाठ शेकणं, घाण साफ करणं. उपचाराविना गाठीच्या प्लेगचे निम्म्याच्या आसपास रोगी दगावतात. जे वाचत ते बरेचसे कुणीतरी जवळ बसून पाणी पाजलं म्हणून वाचत. यशवंतरावांच्या दवाखान्यात हेच होत असणार, आणि त्यातली बरीच कामं डॉक्टरची नसतात, घरच्या बाईची असतात.

आणखी एक. लागण झाल्यापासून साधारण एक ते सात दिवसांत ताप चढतो. त्यानंतर रोगी वाचला नाही तर फार दिवस काढत नाही. याचा अर्थ बाई अगदी शेवटच्या आठ-पंधरा दिवसांपर्यंत माणसं उचलत होत्या. 'म्हातारपणी देखरेख केली' असं ते नव्हतं.


पेठेतला | ७ मार्च, सकाळी ८:१५

हे सगळं पुण्याचा प्लेग अधिकारी रँडच्या घरझडत्यांच्या धामधुमीतच झालं ना? लहानपणापासून तसंच डोक्यात बसलंय.


माळावरची_शाळा | ७ मार्च, सकाळी ८:५०

दादा, रँडची नेमणूक फेब्रुवारीतली, पण सोल्जर घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले ते मार्चच्या मध्यापासून. बाई तोवर गेल्या होत्या. आपल्याला १८९७ म्हटलं की चापेकरांनी रँडवर गोळी झाडली ती २२ जूनची रात्र आणि गणेशखिंड आठवते. ज्या गव्हर्नमेंट हाऊसमधला समारंभ आटोपून रँड परत निघाला होता, ती आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, आणि २०१४ पासून त्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव आहे. मी मुलांना तिथे नेते तेव्हा दोन्ही गोष्टी सांगते. एकच साल, एकच साथ.


मांडवीचा | ७ मार्च, दुपारी १:३०

या धाग्यात आणखी एक नाव हवं. नारायण मेघाजी लोखंडे. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे, सत्यशोधक, जोतीरावांचे सहकारी. मुंबईत प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्यांनाही प्लेग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला ते गेले. सावित्रीबाईंच्या बरोबर महिनाभर आधी.

ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली नसेल असं होणारच नाही. इतक्या जवळचा माणूस याच कामात गेला हे कळल्यावरही त्या मुंढव्याला गेल्या.


ओतूरची_लेक | ७ मार्च, रात्री १०:२०

मी जुन्नर तालुक्यातली, ओतूरची. आमच्या गावाचं नाव सावित्रीबाईंच्या एका पत्रावर आहे याचा आम्हाला फार अभिमान. धाग्याची मर्यादा १८९० नंतरची आहे, पण मला थोडं मागे जाऊ द्या, कारण मुंढव्याची वाट मला ओतूरवरून गेलेली दिसते.

त्यांची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आपल्याकडे आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ ची. पहिली दोन नायगावहून, माहेराहून लिहिलेली. तिसरं ओतूरचं, २० एप्रिल १८७७ चं, दुष्काळातलं. सुरुवात 'सत्यरूप जोतीबा' अशी. नवऱ्याला लिहिलेलं पत्र म्हणून कुणी उघडेल तर त्यात घरची हालहवाल अगदी थोडी सापडते. बाकी सगळा कामाचा अहवाल. गुरं तडफडताहेत, माणसं पाला खाताहेत, गाव सोडून चाललीत, सावकार या संकटात हात धुऊन घेताहेत. सत्यशोधक मंडळी लोकांना धीर देत हिंडत होती, त्यातल्या पन्नास जणांना पोलिसांनी धरलं. कलेक्टरने बाईंना बोलावलं. त्यांनी त्याला तोंडावर सुनावलं, माणसं सोडवून घेतली, आणि कलेक्टरने वर चार गाड्या ज्वारी पाठवली. एक शिक्षिका, १८७७ साली, गोऱ्या कलेक्टरसमोर उभी राहून बोलते.

आणि १८६८ चं पत्र. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण गावोगाव पंचांग सांगत फिरायचा. त्याचं आणि शारजा नावाच्या महार मुलीचं प्रेम जमलं. ती सहा महिन्यांची पोटुशी. गावाने दोघांची धिंड काढली, जीवच घ्यायला निघाले होते. बाईंना कळलं तशा त्या धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घातला आणि दोघांना सोडवलं. मग त्यांना पुण्याला जोतीरावांकडे धाडलं. जमावात शिरताना बाईंच्या सोबत कोण होतं? कुणीच नाही.

माझी आजी म्हणायची, माणूस म्हातारपणी नवा होत नाही, होता तसाच जास्त दिसायला लागतो. मुंढव्याला गेलेली बाई तीच आहे जी शारजासाठी धावली.


निळी_शाई | ८ मार्च, सकाळी ७:४५

सुंदर धागा. एक खटकतं ते सांगते. आज दिवसभर फोनवर शुभेच्छा येतील त्यातल्या अर्ध्यांत 'जोतीरावांना सावलीसारखी साथ देणारी' असं असेल. सावली कशाला? सावलीला स्वतःचे पाय नसतात. 'काव्यफुले' १८५४ चं, म्हणजे वय तेवीस. त्यात समाजाला उठवणाऱ्या कविता आहेत तशी 'पिवळा चाफा'ही आहे. या बाईला फुलं बघायला वेळ होता, डोळा होता. बायको म्हणून त्यांना लहान करू नका एवढंच म्हणणं.


वहीतलं_पान | ८ मार्च, सकाळी ११:३०

निळी_शाई, सावलीबद्दल तुमचं अगदी खरं. पण बायकोपण आपणहून बाजूला ठेवू नये असंही मला वाटतं, कारण त्यांच्या बाबतीत ते फार देखणं होतं.

जोतीरावांचे सहकारी महादू सहादू वाघोले यांनी एक आठवण लिहून ठेवली आहे. सावित्रीबाई येईल त्याला जेवू घालायच्या, फाटकं नेसलेली बाई दिसली की घरातलं लुगडं द्यायच्या. खर्च वाढायचा. जोतीराव कधीतरी म्हणायचे की इतका खर्च करू नये. त्यावर त्या हसून विचारायच्या, मेल्यावर बरोबर काय न्यायचंय? तात्या, म्हणजे जोतीराव, मग काही न बोलता बसून राहायचे. मला हे जोडपं यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही भाषणातून कळत नाही.

आता १८९०. जुलै १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला, उजवा हात गेला, तरी डाव्या हाताने त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहून काढला. त्या दोन वर्षांत त्यांचं उठणंबसणं, पथ्यपाणी कोण बघत होतं हे सांगायला नको. त्यांची इच्छा दहन न करता मिठात पुरावं अशी होती. नगरपालिकेने परवानगी नाकारली, म्हणून दहन करावं लागलं. यशवंत दत्तक, ब्राह्मण विधवेच्या पोटचा. त्यामुळे भाऊबंदांनी टिटवं, म्हणजे प्रेतापुढे न्यायचं विस्तवाचं मडकं, कुणी धरायचं यावरून वाद उकरला. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, त्यांनी टिटवं हातात घेतलं आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या.

कल्पना करा, नवऱ्याचं प्रेत मागे, भाऊबंद डोळे वटारून बाजूला, आणि ही बाई टिटवं धरून पुढे. आज २०२० नंतरच्या काळातही आमच्या भावकीत हे घडताना मी दोनदाच पाहिलंय.

त्यानंतर त्यांनी 'बावन्नकशी सुबोध रत्नाकर' लिहिलं, जोतीरावांचं चरित्र पद्यात. गेलेल्या माणसाची आठवण आपण इथे काढतोय, तशी त्यांनी स्वतः बसून काढली होती. आणि सत्यशोधक समाज त्यांनी विखरू दिला नाही. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्ष त्या होत्या.


नीरेकाठी | ८ मार्च, दुपारी ३:१०

आमचं गाव नायगावपासून जवळ, खंडाळा तालुका. तीन जानेवारीला तिथे पाय ठेवायला जागा नसते, मंत्री येतात, बसगाड्या येतात. दहा मार्चला मी एकदा गेलो होतो. नेवसे पाटलांच्या त्या वाड्यात आम्ही फक्त चौघं होतो. एक आजी आल्या होत्या, त्यांनी उंबऱ्यावर हात टेकला, थोडा वेळ बसल्या आणि गेल्या. बोलल्या काहीच नाहीत.


बुधवारपेठ | ८ मार्च, सायंकाळी ६:००

भिडेवाड्याची जुनी इमारत डिसेंबर २०२३ मध्ये पाडली, स्मारकासाठी. समोर दगडूशेठ गणपतीची रांग असते. मी तीस वर्षं त्या पडक्या वाड्यासमोरून कामाला जात होतो. शाळा जिथे भरली त्या भिंती गेल्या याचं वाईट वाटतं. पण निदान आता कुणी विचारलं की इथे काय होतंय, तर सांगायला मिळतं की इथे १८४८ साली मुलींची शाळा होती.


दगडी_पाटी | ९ मार्च, पहाटे १२:५०

दोन दिवस धागा वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं.

माझी आई सोलापूर जिल्ह्यात एका छोट्या गावात प्राथमिक शिक्षिका होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये शिक्षकांना कोरोनाच्या घरोघर सर्वेक्षणाचं काम लागलं. एका हातात ताप मोजायची बंदूक, दुसऱ्या हातात ऑक्सिमीटर, तोंडावर साधा मास्क. तिच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, साखरेचा त्रास होता. तिला ते काम टाळता आलं असतं, एका सहकाऱ्याने तसं सुचवलंही होतं. बाबा तेव्हा दम्याने आजारी. ती घरी आली की मागच्या दाराने न्हाणीघरात जायची, कपडे भिजत टाकायची, अंघोळ करायची आणि मगच बाबांच्या खोलीच्या दारात उभी राहून विचारायची, गोळी घेतली का? पंधरा दिवस ती आत गेली नाही. दारातूनच संसार चालवला.

मी फोनवर भांडलो तिच्याशी. म्हटलं, दुसरं कुणीतरी जाईल की. ती म्हणाली, 'अरे, दुसऱ्याला लोक दार उघडत नाहीत. ताप आलेला माणूस आतल्या खोलीत लपवतात, नेतील म्हणून भितात. मला उघडतात. त्यातली अर्धी माणसं माझ्या हाताखालून गेलीत.'

मे महिन्यात ती गेली. बाबा वाचले. मला शेवटचं बघायला मिळालं नाही.

मला हा धागा वाचताना सारखं वाटतंय की १८९७ मध्येही असंच असणार. लोक रोगी लपवत होते, कुणी नेईल या धास्तीने. आणि त्या मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आईने आपलं तापलेलं पोर उचलून सावित्रीबाईंच्या पाठीवर दिलं. परक्याच्या पाठीवर कुणी देत नाही. जिच्या शाळेत आपल्या वस्तीच्या मुलांना बसायला जागा मिळाली, जिच्या घराचा हौद आपल्यासाठी उघडा केला गेला, तिच्याच पाठीवर देतो माणूस.

आईचं हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.


ओतूरची_लेक | ९ मार्च, सकाळी ६:३०

दादा, सकाळी उठल्या उठल्या वाचलं. तुमच्या आईंना माझा नमस्कार. तुम्ही बरोबर ओळखलंत, दार उघडणं ही मोठी गोष्ट आहे.


माळावरची_शाळा | ९ मार्च, सकाळी ७:२०

दगडी_पाटी, तुम्ही लिहिलंत ते मला इतकी वर्षं सांगता येत नव्हतं. मी मुलांना नेहमी सांगत आले की बाईंनी पोर उचललं. पोर उचलून देणारी आईही तिथे होती हे मी कधी सांगितलं नाही. शाळा १८४८ ची, हौद १८६८ चा. त्या आईचा विश्वास इतक्या वर्षांत तयार झाला होता. मुक्ता नावाची चौदा वर्षांची मातंग मुलगी फुल्यांच्या शाळेत शिकली आणि तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. जिच्या शाळेत आपल्या मुली असं लिहू लागतात ती बाई आपल्या दारात आली तर आपण तिला आत घेतो.

उद्या तुमच्या आईंचं नाव मुलांना सांगू का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.


दगडी_पाटी | ९ मार्च, सकाळी ९:०५

केला आहे. सांगा.


गावाकडचा_डॉक्टर | ९ मार्च, दुपारी २:४०

मी उद्या येतोय. ओआरएसची पाकिटं आणि पट्ट्या माझ्याकडून. ऊन वाढायच्या आत पोचू असं बघा, लहान मुलं आहेत.


माळावरची_शाळा | १० मार्च, रात्री ९:१५

आत्ताच जेवून बसले. बाई गेल्या ती वेळही हीच, म्हणून लगेच लिहिते.

एकवीस मुलं, सहा पालक, डॉक्टर, आणि इथलेच आणखी तिघं. ओतूरची_लेक पहाटेच्या एसटीने आल्या होत्या, त्यांना बघून मला भरून आलं. मुंढव्यातून निघालो. जुनी वाट आता कुठली राहायला, मधे सगळा मगरपट्टा उभा आहे, काचेच्या इमारती, गाड्यांची रांग. मुलांना हात धरून रस्ता ओलांडून न्यावं लागत होतं. मी त्यांना सांगितलं की हे सगळं शेत आहे असं समजा.

अर्ध्या वाटेत एका मुलीने विचारलं, तो मुलगा केवढा होता? मी म्हटलं, तुमच्यापेक्षा फार लहान नसावा. मग त्यांनी एकमेकांना पाठीवर घेऊन बघायचं ठरवलं. आमच्या वर्गातली सगळ्यात दणकट मुलगी मैत्रिणीला घेऊन पन्नास पावलं चालली आणि खाली बसली. म्हणाली, बाई, ही आजारी नाहीये, हिने मला धरून ठेवलंय, तरी इतकी जड आहे. आजारी माणूस तर धरत पण नाही. डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे, तापात गुंगलेलं मूल दुप्पट जड लागतं.

हडपसरला पोचलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. मुलं झाडाखाली बसली, सरबत प्यायली. मी दगडी_पाटी यांच्या आईंचं नाव सांगितलं, त्यांचं गाव सांगितलं, त्या काय करायच्या ते सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका मुलाने विचारलं, त्यांच्या शाळेतली मुलं आता कितवीत असतील? आम्ही बोटांवर मोजलं. तेव्हा चौथीत असलेली आता हायस्कुलात आहेत.

मग तीच दणकट मुलगी म्हणाली, बाई, मुलाला मळ्यात सोडल्यावर त्या परत मुंढव्याला गेल्या असतील ना? दुसरं कुणी आजारी असेल तर?

परत येताना आम्ही पीएमपीच्या बसने आलो. एका पालकांचं धाकटं पोर, पाच वर्षांचं, बसमध्ये माझ्या मांडीवर झोपून गेलं. आईच्या हातात दप्तरं होती, म्हणून थांब्यापासून त्यांच्या घरापर्यंत मी त्याला पाठीवर घेतलं. अडीचशे पावलं भरली असतील. मधे एकदा कट्ट्यावर टेकून खांदा बदलला. उजवा खांदा अजून ठणकतोय.